अक्काची जोडवी: आमवातात सांधे किती धोक्यात आहेत, हे रक्ताच्या रिपोर्टांवरून कसं ओळखायचं

२०१९ मध्ये येळवस, म्हणजे शेतात साजरी होणारी वेळ अमावास्या, दोनदा आली. जानेवारीत एकदा आणि डिसेंबरात एकदा. पहिल्या येळवशीला माझी अक्का कडब्याच्या कोपीपाशी बाजरीचे उंडे वळायला बसली, आणि चार उंडे झाल्यावर पिठाची परात जावेकडं सरकवून उठली. "मूठच वळंना गं," एवढंच म्हणाली. दुसऱ्या येळवशीला ती शेतात आलीच नाही.

या दोन येळवशींच्या मधलं वर्ष आम्ही घालवलं, आणि त्यात माझा वाटा मोठा आहे. मी लातूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डीएमएलटी करून बावीस वर्षं झाली. अक्काचं गाव औसा तालुक्यात. तिथल्या डॉक्टरांनी फेब्रुवारीत तिचं रक्त तपासायला सांगितलं, रिपोर्ट आला 'आरए फॅक्टर: निगेटिव्ह', दाजींनी त्याचा फोटो मला पाठवला, आणि मी फोन करून सांगितलं, "दाजी, वात नाही. चिकनगुन्यासारखा ताप अंगातून गेला असेल, उतरंल हळूहळू." लॅबमध्ये काम करणाऱ्या मेहुणीनं सांगितलं म्हटल्यावर त्यांनी कशाला शंका घ्यावी? मग कुणीतरी सुचवलेल्या एका वैदूच्या पुड्या सुरू झाल्या. त्यानं दोन दिवसांत बरं वाटायचं आणि पुडी संपली की दुप्पट ठणकायचं. पुढं कळलं की अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं.

जानेवारी २०२० मध्ये मी अक्काला स्वतः लॅबला आणून अँटी-सीसीपी ही वाताची दुसरी रक्ततपासणी केली. मर्यादेच्या कितीतरी पट वर. त्याच आठवड्यात हातापायांचा एक्स-रे काढला, आणि डाव्या पायाच्या करंगळीच्या मुळाशी हाडाला पडलेली खाच दिसली. ती भरून येत नाही.

त्यानंतर मी या तपासण्यांकडं वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. लॅबच्या खिडकीवर रोज कुणीतरी पिशवीतून चार वर्षांचे रिपोर्ट काढतं आणि विचारतं, "मॅडम, वात वाढलाय का कमी झालाय?" खिडकीवर उभ्या उभ्या जे सांगता येत नाही ते इथं लिहिते. औषध ठरवायचं काम संधिवाततज्ज्ञांचंच आहे. पण आपल्या हातातला कागद काय बोलतो आणि काय बोलत नाही, हे घरातल्या एका तरी माणसाला कळलं पाहिजे.

आधी रिपोर्टांचे दोन ढीग करा

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे आमवात, आपल्याकडं नुसता 'वात'. यात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि शेजारची कुर्चा आणि हाड खायला लागतं. गुडघा झिजण्याचा म्हातारपणातला आजार वेगळा. त्यात या तपासण्यांचा उपयोग नाही.

पिशवीतले सगळे कागद चटईवर पसरा. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी ज्यावर आहेत ते एका बाजूला. सीआरपी आणि ईएसआर ज्यावर आहेत ते दुसऱ्या बाजूला. पहिला ढीग आजाराचा स्वभाव सांगतो: हा माणूस सांधे मोडणाऱ्या जातीच्या आजाराचा आहे का. दुसरा ढीग आजची आग सांगतो: या घडीला अंगात किती दाह पेटलेला आहे. स्वभाव एकदा पाहून ठेवायचा, आग मात्र पुन्हा पुन्हा मोजायची. लोक नेमकं उलटं करतात. दर तीन महिन्यांनी आरए फॅक्टर करतात आणि सीआरपीकडं बघत नाहीत.

युरिक ॲसिड, एएसओ, एचएलए-बी२७ हे कागद निघाले तर बाजूला ठेवा. 'संधिवात पॅकेज' म्हणून ते एकत्र केले जातात, पण युरिक ॲसिड गाउटसाठी, एएसओ घशातल्या जंतूंमुळं येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापासाठी, आणि बी२७ पाठीचा कणा धरणाऱ्या वेगळ्या आजारासाठी असतं. आमवातात सांधे किती बिघडतील हे यातलं एकही सांगत नाही.

आरए फॅक्टर: 'निगेटिव्ह' वाचून मी जशी थांबले तसं थांबू नका

ही जुनी तपासणी. नॉर्वेच्या एरिक वालर यांनी १९४० साली मेंढीच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या होताना पाहून ती मांडली आणि १९४८ मध्ये अमेरिकेत रोझ यांना तेच पुन्हा दिसलं. म्हणून अजूनही तिला वालर-रोझ म्हणतात. लहान लॅबमध्ये आज मेंढीच्या पेशींऐवजी लॅटेक्सचे बारीक कण वापरतात. स्लाइडवर रक्तातल्या सीरमचा एक थेंब, लॅटेक्सचा एक थेंब, दोन मिनिटं हलवायचं आणि गुठळ्या दिसतात का ते डोळ्यानं पाहायचं. उत्तर दोनच: आहे किंवा नाही.

अक्काची झाली ती हीच. त्यात दोन अडचणी आहेत. एक, आमवाताच्या शंभर रुग्णांतले वीस ते तीस जण आरए फॅक्टर निगेटिव्हच असतात, आणि आजाराच्या सुरुवातीच्या महिन्यांत तर हे प्रमाण आणखी जास्त असतं. दोन, पॉझिटिव्ह आली तरी आमवातच असेल असं नाही. हिपॅटायटिस सी, क्षयरोग, हृदयाच्या झडपेला झालेला संसर्ग यांत ती पॉझिटिव्ह येते, आणि काही धडधाकट म्हाताऱ्या माणसांतही येते.

म्हणून लॅबला सांगताना 'आरए फॅक्टर, क्वांटिटेटिव्ह' असं सांगा, म्हणजे आकडा मिळेल. आकड्याच्या शेजारी त्या लॅबची वरची मर्यादा छापलेली असते. तिला तीननं गुणा. आपला आकडा त्याच्या वर असेल तर तो 'जास्त पॉझिटिव्ह', मर्यादेच्या वर पण तिपटीच्या आत असेल तर 'कमी पॉझिटिव्ह'. हा तिपटीचा हिशेब माझ्या मनाचा नाही. अमेरिका आणि युरोपच्या संधिवात संघटनांनी २०१० मध्ये मिळून जे निकष ठरवले त्यात तो आहे. दहा गुणांपैकी सहा झाले की आमवात धरतात. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी ही प्रतिपिंडं, म्हणजे शरीरानं आपल्याच भागांविरुद्ध बनवलेली प्रथिनं. ती कमी असतील तर दोन आणि जास्त असतील तर तीन गुण. सीआरपी किंवा ईएसआर वाढलेला असेल तर एक, सहा आठवड्यांहून जास्त दुखत असेल तर एक, आणि उरलेले पाचापर्यंतचे गुण किती आणि कोणते सांधे धरलेत त्यावर. आता हाताची सूज बघा. रक्त साफ असलं तरी दहाहून जास्त सांधे सुजलेले किंवा दुखरे असतील आणि त्यात बोटांचे लहान सांधे असतील, तर एकट्या सांध्यांचेच पाच गुण होतात. अक्काच्या दोन्ही हातांची बोटं त्या फेब्रुवारीत सुजलेली होती. दाजींनी ती मला फोनवर सांगितली होती. मी कागद वाचला, बोटं विचारात घेतली नाहीत.

अँटी-सीसीपी: एकदाच करा, पण नीट करा

आपल्या अंगातल्या प्रथिनांत अर्जिनिन नावाचा एक घटक असतो. दाह झाला की एक विकर (एन्झाइम) त्याचं सिट्रुलिन करून टाकतं. घरातलाच माणूस वेगळा पोशाख घालून आला आणि दारातल्या कुत्र्यानं त्याला ओळखलं नाही, तसं शरीराला हे बदललेलं प्रथिन परकं वाटतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. अँटी-सीसीपी त्यांनाच मोजते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही तपासणी पुढं आली.

तिचं महत्त्व दोन कारणांनी. आमवात सोडून इतर आजारांत ती फारशी पॉझिटिव्ह येत नाही. चिकनगुन्यानंतर महिनोन् महिने सांधे धरतात, त्यात आरए फॅक्टर कधीकधी पॉझिटिव्ह येतो, सीसीपी मात्र सहसा निगेटिव्हच राहते. राज्यात २००६ मध्ये मोठी साथ येऊन गेल्यापासून आपल्याकडं कुठल्याही सांधेदुखीला 'चिकनगुन्याचं राहिलेलं' म्हणायची सवय पडली आहे, मलासुद्धा. तिथं सीसीपी वाट दाखवते. दुसरं कारण या लेखाचं आहे: ज्यांची सीसीपी पॉझिटिव्ह असते त्यांच्या हाडांना खाचा पडण्याची शक्यता जास्त असते, आकडा मोठा असेल तर आणखी जास्त, आणि आरए फॅक्टरही सोबत वाढलेला असेल तर त्याहून जास्त. हाड खाणाऱ्या पेशींना ही प्रतिपिंडं चेव आणतात असं दिसून आलं आहे.

आता टेक्निशियन म्हणून सांगायची गोष्ट. प्रत्येक कंपनीच्या किटची मर्यादा वेगळी असते. कुठं ५, कुठं १७, कुठं २०. त्यामुळं एका लॅबचा ६० आणि दुसरीचा ९० हे आकडे शेजारी ठेवून 'वाढलं' म्हणता येत नाही. आकडा नेहमी मर्यादेच्या किती पट आहे तेवढंच लिहा. आणि औषध चालू झाल्यावर ही पुन्हा पुन्हा करू नका. सांधे शांत झाले तरी सीसीपी पॉझिटिव्हच राहते बहुतेकांत. लोक घाबरतात, "एवढ्या गोळ्या खाऊनबी पॉझिटिव्हच?" ती आरए फॅक्टरपेक्षा बरीच महाग आहे. ते पैसे सीआरपीला आणि एक्स-रेला ठेवा.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबला सांगा. काही यंत्रांवर बायोटिन निकाल बिघडवतं.

माझी भाची लातूरला शिकायला आहे. तिनं विचारलं, "मावशी, मी पण सीसीपी करून घेऊ का?" मी नाही म्हणाले. ही प्रतिपिंडं आजार दिसायच्या काही वर्षं आधीही रक्तात सापडतात हे खरं, पण सूज नसताना पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला आजार होतो असं नाही, आणि नुसत्या रिपोर्टवर औषध सुरू करत नाहीत. ती पोरगी उगाच धास्तीत राहील. तिला मी सांगितलं: सकाळी उठल्यावर बोटं अर्ध्या तासाहून जास्त आखडली आणि हे पंधरा दिवस टिकलं, तर त्या दिवशी ये. विडी-सिगारेटच्या धुरापासून लांब राहा आणि हिरड्या सांभाळ, कारण या दोन्हींचा सिट्रुलिनच्या गोष्टीशी संबंध आढळला आहे.

सीआरपी आणि ईएसआर: सांधे या आगीत होरपळतात

सांधा एका दिवसात मोडत नाही. आग किती मोठी होती आणि किती महिने पेटत राहिली, त्याच्या एकूण बेरजेवर तो मोडतो. म्हणून एकदाच ४० आलेली सीआरपी जितकं नुकसान करत नाही, तितकं वर्षभर १५ वर रेंगाळणारी करू शकते. हे एक वाक्य मला २०१९ मध्ये कळलेलं असतं तर.

सीआरपी यकृतात तयार होतं. दाह झाला की काही तासांत चढतं, दोन दिवसांत शिखर गाठतं, आणि आग विझली की काही दिवसांत उतरतं. औषध लागू पडलं का हे ते लवकर सांगतं. ईएसआर संथ, उतरायला कित्येक आठवडे घेतो. दोन्ही लिहून ठेवा, पण भांडण लागलं तर माझा कल सीआरपीकडं असतो.

कारण सांगते. ईएसआर म्हणजे उभ्या काचेच्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती मिलीमीटर खाली बसल्या ते. रक्त पातळ असेल, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असेल, तर पेशी भराभर खाली जातात आणि आकडा फुगतो. अक्काचा २०२१ मधला एक रिपोर्ट माझ्याकडं आहे: ईएसआर ६२, सीआरपी ६, हिमोग्लोबिन ८.९. दाजी ६२ पाहून हबकले होते. सांधे त्या वेळी जवळजवळ शांत होते, फुगवटा बराचसा रक्तक्षयाचा होता. आपल्या भागात बायकांचं हिमोग्लोबिन इतकं सर्रास कमी असतं की ईएसआरच्या शेजारी हिमोग्लोबिन लिहिल्याशिवाय मी तो वाचतच नाही. गरोदरपणात आणि वयाबरोबरही तो वाढतो. बाईच्या वयात दहा मिळवून निम्मे करा, पुरुषाचं नुसतं वय निम्मं करा. साधारण तेवढी वरची मर्यादा धरायला हरकत नाही.

शिवाय ईएसआर उन्हाळ्याला भुलतो. नळी ठेवलेली खोली फार तापली तर आकडा वाढतो, नळी जरा कलली तरी वाढतो, आणि नमुना चार तासांहून जास्त बाहेर पडून राहिला तर कमी येतो. एप्रिल-मेमध्ये गावातल्या कलेक्शन सेंटरवर रक्त घेऊन ते दुपारच्या एसटीनं शहरात येतं, तेव्हा त्या ईएसआरवर मी फारसा भार टाकत नाही. शक्य असेल तर ज्या लॅबमध्ये तपासणी होते तिथंच जाऊन, सकाळी रक्त द्या. उपाशीपोटी असायची गरज नाही. भाकरी खाऊन या.

आता सगळ्यात जास्त घोळ जिथं होतो ते. २०२० च्या पावसाळ्यात अक्काची सीआरपी एका लॅबमध्ये २.४ आली. दीड महिन्यानं दुसरीकडं केली तर १८. दाजींचा फोन आला, "सात-आठ पट वाढलं की! ती आठवड्याची गोळी बंद करू का?" मी दोन्ही कागदांचे फोटो मागवले. पहिल्यावर 'मिलिग्रॅम प्रति डेसीलीटर' होतं, दुसऱ्यावर 'मिलिग्रॅम प्रति लीटर'. म्हणजे पहिला आकडा खरा २४. चोवीसवरून अठरा, आजार उतरत होता आणि घरात औषध बंद करायची तयारी चालली होती. एकक आधी वाचा. डेसीलीटर असेल तर दहानं गुणा आणि मग वहीत लिहा. जमलं तर लॅबच बदलू नका.

सीआरपी फक्त सांध्यांचं नसतं हेही लक्षात ठेवा. २०२१ च्या एप्रिलमध्ये अक्काला कोविड झाला तेव्हा तिची सीआरपी ९४ होती. दाढ सुजली, लघवीला जळजळ झाली, पायाला जखम पिकली, तरी ती वाढते. शंभरच्या आसपास किंवा वर गेली तर आधी जंतुसंसर्ग शोधायला हवा. आमवातासाठी मोजायची असेल तर ताप उतरून दोन-तीन आठवडे होऊ द्या. उलट बाजूनं, पुडीतलं किंवा इंजेक्शनातलं स्टेरॉइड सीआरपी दाबून टाकतं. वर्षभर अक्काच्या अंगात तेच चाललं होतं. टोसिलिझुमॅबसारखं इंजेक्शन चालू असेल तर ते सीआरपी तयार व्हायचा संदेशच अडवतं, त्यामुळं रिपोर्ट साफ येतो, मग सांधे काय म्हणतात त्यालाच जास्त किंमत द्यावी लागते.

आणि काही माणसांची सीआरपी नॉर्मल असूनही हाडं खचत राहतात. सगळ्या तपासण्या निगेटिव्ह असूनही आमवात असू शकतो. म्हणून पुढची गोष्ट.

जोडवी निघतात का ते बघा

रक्त धोका सांगतं, झालेलं नुकसान सांगत नाही. ते बघायला दोन्ही हात आणि दोन्ही पावलं यांचा एक्स-रे लागतो. बरेच जण फक्त हातांचा काढून येतात, कारण दुखणं हातांचं सांगितलेलं असतं. पण पहिल्या खाचा अनेकदा पावलांत पडतात, करंगळीच्या मुळाशी. डॉक्टर ज्या २८ सांध्यांवरून आजाराची तीव्रता मोजतात त्यात खांदे, कोपरं, मनगटं, बोटांचे सांधे आणि गुडघे आहेत, पावलं नाहीतच. म्हणून तुम्ही स्वतः सांगितलं पाहिजे.

अक्काची जोडवी २०१९ च्या पावसाळ्यापासून निघत नव्हती. ती म्हणायची, "वय झालं, पाय भरलेत." सोयाबीन काढणीच्या वेळी चपलेत पाऊल टेकवायला लागली की दगडावर उभं राहिल्यासारखं वाटायचं. आमवाताच्या सुजेचा हा अगदी ठरलेला नमुना आहे आणि तो माझ्या डोळ्यासमोर होता. संध्याकाळी पाऊल दोन्ही बाजूंनी हातात धरून हलकं दाबा, जसं हस्तांदोलन करताना हात दाबतो तसं. बोटांच्या मुळाशी कळ आली तर ते डॉक्टरांना सांगा, आणि पावलांचा एक्स-रे काढायला लावा. पहिला एक्स-रे निदानाच्या वेळी, नंतरचे डॉक्टर सांगतील तसे. जुना जपून ठेवा, तुलना त्याच्याशीच करायची असते. घडी पडलेली फिल्म वाचता येत नाही, ती लाकडी फळीच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवा किंवा सीडी मागून घ्या.

एका पानाची वही

अक्काला मी दोनशे पानांची वही दिली होती. तिनं पहिल्याच पानावर सगळं लिहिलं आणि तेच बरोबर ठरलं, कारण डॉक्टर एका नजरेत बघतात. तिचे रकाने असे: तारीख, लॅब, सीआरपी (लीटरमध्ये), ईएसआर, हिमोग्लोबिन, सुजलेले सांधे किती, सकाळी हात मोकळे व्हायला किती वेळ, कुठली गोळी किती, आणि त्या महिन्यात ताप-सर्दी काही झालं का. हात मोकळे व्हायचा वेळ ती घड्याळानं लिहीत नाही. 'चहापर्यंत', 'आंघोळीपर्यंत', 'दळण येईपर्यंत' असं लिहिते. मी आधी मिनिटं लिही म्हणून मागं लागले होते. नंतर कळलं की डॉक्टरांना ते लगेच समजतं आणि तिलाही खोटं लिहावं लागत नाही. 'दळण येईपर्यंत' सलग तीन ओळी दिसलं की सीआरपी यायच्या आधीच मला अंदाज येतो.

या तपासण्या सुरुवातीला दर एक ते तीन महिन्यांनी, स्थिर झाल्यावर डॉक्टर म्हणतील तेवढ्या अंतरानं. त्याच दिवशी सीबीसी, एसजीपीटी आणि क्रिएटिनिनही करून घ्या. त्यांचा सांध्यांशी संबंध नाही, मेथोट्रेक्सेट या वाताच्या गोळीनं रक्त, यकृत आणि किडनीला त्रास होत नाही ना ते बघायला ती लागतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जीवावर बेततं. अक्काच्या घरात कॅलेंडरवर दर रविवारी 'गो' असं लिहिलेलं असतं आणि पाकीट दाजींच्या कपाटात राहतं. बाळंतपणाचा विचार असेल तर ही गोळी सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

महागड्या नव्या तपासण्या

एमएमपी-३ हे सांध्याच्या अस्तरातून सुटणारं, कुर्चा कुरतडणारं विकर आहे. जपानमध्ये ते बऱ्याच ठिकाणी मोजतात. पण पुरुषांत मुळातच जास्त असतं आणि स्टेरॉइडनंही वाढतं. १४-३-३ इटा नावाचं एक प्रथिन आहे, ते आरए फॅक्टर आणि सीसीपी दोन्ही निगेटिव्ह असलेल्या काहींत उपयोगी पडतं. लघवीतला सीटीएक्स-२ कुर्चा तुटल्याची खूण देतो. अमेरिकेत बारा प्रथिनं एकत्र मोजून १ ते १०० चा आकडा देणारी तपासणी आहे. एचएलए-डीआरबी१ ही जनुकाची तपासणी वाईट वळणाची शक्यता सांगते. हे सगळं मोठ्या गटांच्या अभ्यासात खरं उतरलं आहे, पण एकट्या माणसाचं औषध बदलायला आज डॉक्टर त्यावर अवलंबून राहत नाहीत. कुणी पॅकेज विकायला आलं तर स्वतःहून करू नका. अक्काची यातली एकही तपासणी मी केली नाही.

डॉक्टरांसमोर कागद ठेवताना

सूज सुरू होऊन पहिले तीन ते सहा महिने सोन्याचे. त्या काळात औषध नीट सुरू झालं तर हाडं वाचण्याची शक्यता सर्वात जास्त असते, आणि बऱ्याच खाचा पहिल्या दोन वर्षांतच पडतात. म्हणून गावात निदान लांबत असेल तर थांबू नका. आपल्याकडं अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला घाटी आहे. संधिवाततज्ज्ञ जवळ नसतील तर मेडिसिन विभागातून सुरुवात होऊ शकते.

तिथं बसल्यावर एवढं विचारा. माझी सीसीपी आणि आरए फॅक्टर मर्यादेच्या तिप्पट आहेत का? आज किती सांधे सुजलेले मोजलेत? एक्स-रेवर खाच आहे का? तीन महिन्यांत सीआरपी आणि सूज निम्म्यावर आली नाही तर पुढं काय करायचं? हेच चार प्रश्न का, तर प्रतिपिंडं जास्त, सूज जास्त, सीआरपी चढलेली, खाच आधीच पडलेली आणि गोळ्यांना दाद न देणारा आजार, हीच पुढं सांधे मोडण्याची धोक्याची चिन्हं म्हणून डॉक्टर धरतात. यातली दोन-तीन एकत्र असतील तर औषध लवकर वाढवायचं की नाही यावर बोलणं झालंच पाहिजे. पुढं इंजेक्शनची औषधं ठरली तर आधी क्षयरोगाची आणि हिपॅटायटिस बी-सीची तपासणी होईल, ती टाळू नका.

पुड्या घेतल्या असतील तर तेही सांगा. अक्कानं तिसऱ्या भेटीत सांगितलं. तोवर तिचे सुरुवातीचे सगळे आकडे डॉक्टरांना कोड्यात टाकत होते.

अक्काच्या वहीतली गेल्या वेळची ओळ: सीआरपी ४, ईएसआर ३०, हिमोग्लोबिन १०.८, सूज दोन सांध्यांना, हात मोकळे चहापर्यंत. पायाची खाच आहे तेवढीच आहे, तिच्या शेजारी नवी नाही. पुढच्या खेपेला पावलांचा एक्स-रे पुन्हा काढायचा आहे. त्या सकाळी ती जोडवी घरीच काढून ठेवून येणार आहे. आता ती साबणाशिवाय निघतात.